दुय्यम लढाया, खांद्यावर (४)

सोलापूरहून मावसभाऊ आला की पिशवीत काय असणार हे आम्हाला पाठ आहे. कडक भाकऱ्यांची चळत, शेंगाचटणीचा पुडा आणि एक चादर. चादरी आता इतक्या झाल्यात की पाहुणे कमी पडतात. या खेपेला चटणीच्या पुड्याला चिकटून एक कागद आला. गणिताच्या वहीचं पान, चार घड्यांचं. उलगडलं तर आत अकरा आडव्या, अकरा उभ्या घरांचं शब्दकोडं. काळी घरं बॉलपेननं इतकी घट्ट भरलेली की पान पाठीमागून हाताला खरबरीत लागत होतं. वर मावशीच्या अक्षरात एकच सूचना, ‘पेन्सिल वापरणे’. खाली दोन रकाने. ‘उभे शब्द’, ‘आडवे शब्द’ असलं काही नाही. उभ्यांच्या डोक्यावर लिहिलं होतं ‘ताणा’ आणि आडव्यांच्या डोक्यावर ‘बाणा’.

मावशी विणकर नाही. पण तिच्या गल्लीत पहाटेपासून मागांचा खडखडाट असायचा, आणि तिनं स्वतः एकतीस वर्षं शिवणाचा क्लास चालवला. उभे धागे म्हणजे ताणा, तो आधी ताणून घ्यायचा. मग धोट्यानं त्यातून आडवा बाणा घालायचा. तिच्या लेखी उभ्या-आडव्याला दुसरी नावंच नाहीत.

कोडं सगळं कपड्यांचं होतं.

ह्यात दोष माझा. दोनेक वर्षांपूर्वी फोनवर बोलता बोलता मी तिला इंग्रजी पेपरातल्या तिरक्या कोड्याबद्दल सांगितलं होतं. तिथं सूत्राचा सरळ अर्थ घ्यायचा नसतो, शब्द फोडायचा, उलटा करायचा, दोन अर्थांच्या मधे उभं राहून बघायचं, वगैरे. मी फार उत्साहानं समजावत होतो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे श्लेष की. मित्राच्या उदयाने कोणास आनंद होत नाही? आम्हाला व्याकरणात होता.” विषय तिथंच संपला. मला वाटलं, विसरली असेल.

आपल्या रोजच्या पेपरातलं मराठी कोडं मी गेली वीस वर्षं सोडवतो, आणि त्याच्यावर माझा एक जुना राग आहे. ते विचार करायला लावत नाही, फक्त प्रतिशब्द मागतं. ‘कमळ (३)’. आता हे पंकज आहे, सरोज आहे, नीरज आहे की जलज, हे रचणाऱ्यालाच ठाऊक. छेद देणारा शब्द सापडला आणि शेवटचं अक्षर ‘ज’ मिळालं तरी उपयोग शून्य, कारण चौघांच्याही शेवटी ज. असल्या कोड्यात माणूस हुशार होत नाही, सरावतो. ‘राजा’ म्हटलं की नृप, ‘मुलगा’ म्हटलं की सुत. हा सुत माझ्या घरी दारी मला कधी भेटलेला नाही, पण कोड्यात आठवड्यातून दोनदा येतो.

पण हेही खरं की मराठीत कोडं रचणं इंग्रजीहून अवघड. तिथं एका घरात एक अक्षर आणि एकूण अक्षरं सव्वीस. आपल्याकडं अक्षर घरात जातं ते काना-मात्रा-वेलांटीसकट. जोडाक्षरालासुद्धा एकच घर. ‘वस्त्र’ दोन घरांत मावतं, आणि त्यातल्या दुसऱ्या घरात ‘स्त्र’ दाटीवाटीनं बसतं. म्हणजे दोन शब्द एकमेकांना छेदायचे तर नुसतं व्यंजन जुळून भागत नाही, स्वरही जुळावा लागतो. म्हणून मग रचणारे बिचारे नवल, सरस, कमल, परत असल्या बिनकान्याच्या सपाट शब्दांच्या आसऱ्याला जातात. मावशीनं आसरा घेतला नव्हता. तिनं काना-मात्रेलाच कामाला लावलं होतं.

ताणा एक: ‘वर्तमानपत्रातल्याला काना दिला की अंगात घालता येतो (३)’.

रविवार होता, बाहेर पावसाची रिपरिप होती, चहा झाला होता. मी पेन घेऊन बसलो. पेन्सिल वापरणे ही सूचना शिकाऊ लोकांसाठी असते अशी माझी समजूत. वर्तमानपत्रात काय असतं? बातमी. अग्रलेख. जाहिरात. सदर! सदराला काना दिला, सदरा. मी एकटाच मोठ्यानं हसलो. आजवर हजारो सदरं वाचली असतील, शेकड्यानं सदरे घातले असतील, दोन्ही शब्दांत एका उभ्या रेघेचं अंतर आहे हे कधी दिसलं नव्हतं.

त्या सदऱ्याचा ‘रा’ जिथं आडव्या शब्दात गेला होता तिथं सूत्र होतं, ‘डझनभर कैदी छातीवर (४)’. बारा बंदी. बाराबंदी. पेशवाईच्या चित्रांत बंदांनी बांधलेली असते ती. पुढचं, ‘गुजरातेतलं बटाट्यांचं गाव उलटं करून नेसा (२)’. हे मला नकाशा आठवून काढावं लागलं. डीसा. उलटं केलं की साडी. ‘परक्याचा हात, पण नाडी आपलीच (४)’, म्हणजे परकर. ‘पाताळातला काना काढा आणि नेसा’, म्हणजे पातळ. ‘कोपराला वेलांटी दिली की शेतकऱ्याच्या अंगात, रेल्वेनं गेलात तर ठाण्याच्या पूर्वेला (३)’. कोपरी. मुंबईची गाडी तिनं आयुष्यात पाचसहा वेळा पकडली असेल, पण ठाण्याला उतरून कुठल्या बाजूला जायचं हे लक्षात आहे.

मग आली बाणा पाच: ‘दुय्यम लढाया, खांद्यावर (४)’.

इथं मी दहा मिनिटं अडकलो. खांद्यावर शाल असते, पण ती दोन घरांची. पदर असतो, झोळी असते, बंदूक असते. लढाया म्हणजे युद्धं, समर, संगर, रण. रणे. दुय्यम म्हणजे उप. उपनदी, उपकथानक, उपरणे. उप-रणे! माझ्या डोळ्यांसमोर आजोबा आले. धोतर, काळी टोपी, खांद्यावर उपरणं, आणि नगरपालिकेत नळाच्या जोडणीसाठी चालू असलेला त्यांचा तो न संपणारा पत्रव्यवहार. दुय्यम लढाया खांद्यावर घेऊन हिंडणारा ह्याहून मोठा माणूस मी पाहिलेला नाही. मावशी हे लिहिताना वडिलांचाच विचार करत होती की शब्द तिला आपोआप तसा फुटला, कुणास ठाऊक. मी विचारलं नाही. असल्या गोष्टी विचारल्या की ती म्हणते, “तू जास्त शिकलास.”

पेन वापरण्याची शिक्षा लवकरच मिळाली. सूत्र असं होतं: ‘पंढरीला इतक्यांदा गेली, अंगाला गुंडाळून आली (४)’. गुंडाळून म्हटल्यावर मी ठामपणे ‘पांघरूण’ लिहिलं. चार घरं, बरोब्बर. पंढरपूरचं काय करायचं ते नंतर बघू म्हटलं. त्यातल्या दुसऱ्या घरातून एक उभा शब्द खाली जात होता, ‘धुणं वाळत घातलं रे घातलं की येतो (३)’. पाऊस. ह्याबद्दल शंकाच नाही, खिडकीबाहेर पुरावा होता. पण पाऊसच्या मधल्या घरात ‘ऊ’ येतो आणि माझ्या पांघरुणात तिथं ‘घ’. सुटा ऊ पोटात असलेले शब्द मराठीत आहेत तरी किती? खाऊ, जाऊ, मऊ, घाऊक... नऊ. नऊ वारी. नऊवारी! पंढरीच्या नऊ वाऱ्या केल्या तिनं. आता आजीनं किती केल्या ते कुणी मोजलं नव्हतं, पण नऊ वार लुगडं नेसूनच केल्या. आठ मीटरच्या वर कापड भरतं ते. कासोटा घालून, ओचा खोचून ती आषाढाच्या चिखलात चालायची, आणि मी जीनच्या पँटीत मागं राहायचो.

आता त्या घरात पेननं लिहिलेला घ आणि त्याच्यावर गिरवलेला ऊ असा काळा गोळा झाला होता. मी उठून पेन्सिल आणली.

पेन्सिलीवरून आठवलं. वर्तमानपत्रातलं पहिलं शब्दकोडं म्हणून जे मानतात ते २१ डिसेंबर १९१३चं, ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या रविवार पुरवणीतलं. रचणारे आर्थर विन मूळचे लिव्हरपूलचे. आकृती शंकरपाळ्यासारखी होती आणि मधे भोक. पुढं १९२४ साली अशा कोड्यांचं पहिलं पुस्तक निघालं तेव्हा प्रकाशकांनी प्रत्येक प्रतीला एक पेन्सिल जोडून दिली होती. लोकांना इतकं वेड लागलं की बायका कोड्यासारख्या काळ्यापांढऱ्या चौकड्यांचे झगे शिवून घालायला लागल्या. लंडनचा ‘टाइम्स’ आधी नाक मुरडून बसला होता, त्यानंही १ फेब्रुवारी १९३०पासून कोडं सुरू केलं. म्हणजे कोडं आणि कापड ह्यांची गाठ मावशीनं पहिल्यांदा बांधली असं नाही. पण त्या झगेवाल्यांना ताणा-बाणा हे नाव सुचलं नसतं.

कोड्याच्या ऐन मध्यावर पाच घरांचा शब्द होता: ‘नदीला असतो तो आणि घडीच्या पोळीला सुटतो तो, दोन्ही मिळून लग्नघरात मिरवा’. काठ आणि पदर. काठपदर. हे सुटायला सोपं होतं, पण सुटल्यावर मी पुढं जाईना. पदर हा शब्द एकदा हातात धरला की सुटत नाही. पोळीचे पदर, दोरीचे पदर, चंद्रहाराचे पदर. पदरचं दोन रुपये घालणं आणि पदरचं चार वाक्यं घालणं. पदरमोड. पदरी पडलं पवित्र झालं. एका घराण्याचा दुसऱ्याशी पदर लागतो. मुलीला पदर येतो तेव्हा घरातल्या बायका आवाज खाली करतात. आणि सगळ्यावर कडी म्हणजे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सहापदरी आहे. लोणावळ्याच्या अलीकडं वाहतूक तुंबली की हे सहाही पदर एकमेकांत कसे अडकतात ते ज्यानं पाहिलं, त्याला हा शब्द कुणी निवडला असेल त्याचं कौतुक वाटेल. आमच्या घरात साडीचा पदर आता फक्त सणावारी दिसतो. ड्रेसला पदर नसतो, जीनला नसतो. तरी माझी पुतणी, जिनं आयुष्यात एकूण तीनदा साडी नेसली असेल, परवा म्हणत होती, “त्या गोष्टीला आणखी एक पदर आहे.”

कपडा अंगावरून उतरून गेला तरी बोलण्यातून जात नाही, असं दिसतं. ‘निखारा लपवायची जागा (३)’ हे सूत्र मी वाक्प्रचारावरून सोडवलं, अस्तनी. अस्तनीतला निखारा आपण कितीदा म्हणतो. अस्तनी म्हणजे बाही, हे मला कोश उघडून बघावं लागलं. हिंदीतला आस्तीनीतला साप तो हाच. शर्टाच्या बाहीला अस्तनी म्हणणारा माणूस आता शोधून सापडणार नाही, निखारे मात्र आहेत.

नेसणे आणि घालणे ह्यावर मावशीचं एक सूत्र होतं, त्यात तिचा सगळा राग उतरलेला. ‘साडी, धोतर, लुगडं ह्यांना हे, बाकी सगळं घाला मेल्यांनो (३)’. नेसणे. हल्ली दुकानदार, मालिका, खुद्द नवऱ्यामुली “साडी घातली” म्हणतात ते तिला दाताखाली खडा आल्यासारखं होतं. मला स्वतःला इतकं वाटत नाही. पण सदरा घालतात, साडी नेसतात, फेटा बांधतात, शाल पांघरतात, ही प्रत्येक कापडाला वेगळी क्रियापदं देण्याची चैन गमावून आपण काय कमावलं, असं विचारलं तर माझ्याकडं उत्तर नाही.

माझं सर्वांत आवडतं सूत्र दोनच घरांचं निघालं: ‘कोळणीच्या टोपलीत, भाजीवालीच्या पाटीत, झग्याच्या पायाशी आणि तुझ्या हिशेबात (२)’.

घोळ! घोळ मासा, तोच तो, ज्याच्या भोताला, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीला, सोन्याचा भाव येतो आणि जो गुजरात सरकारनं २०२३ साली राज्याचा मासा म्हणून जाहीर केला. घोळीची भाजी, आंबटसर, पावसाळ्यात बांधावर येणारी. कपड्याचा घोळ, म्हणजे खालचा घेर. पायघोळ झगा म्हणतो त्यातला. आणि हिशेबातला घोळ, जो मी गेल्या दिवाळीत मावशीच्या बँकेच्या कागदांमध्ये घातला होता आणि जो तिच्याच नजरेला आला. चारही अर्थ खरे, चौथा जरा जास्तच. ‘तुझ्या’ हा शब्द वाचून कळलं की हे कोडं चुकून पिशवीत आलेलं नव्हतं, माझ्यासाठीच बेतलेलं होतं. बेतणे हाही कोड्यात होताच, ‘शिंपी कापडावर करतो तोवर ठीक, जिवावर आलं तर पळा (३)’.

‘चोवीस मिनिटांची असते, नव्या साडीची मोडतात (२)’, घडी. नवी साडी आणली की आजी ती आधी मावशीला किंवा माझ्या आईला घडी मोडायला द्यायची, स्वतः मागाहून नेसायची. ‘रुसलेल्याची खुलते, सदऱ्याला घेर देते (२)’, कळी. हे दोन्ही पटापट गेले.

मग एका सूत्राशी थबकलो. ‘सुई नाही, दोरा नाही, तरी शिवला की सगळे सुटकेचा निःश्वास सोडतात (३)’. कावळा. उत्तर एका क्षणात आलं. लिहायला वेळ लागला.

आजीच्या दहाव्याला चंद्रभागेच्या वाळवंटात आम्ही दीड तास उभे होतो. पिंड मांडलेलं, ऊन चढलेलं, कावळे समोरच्या दगडावर ओळीनं बसलेले, आणि एकही पुढं येईना. मोठ्या मामानं सांगितलं, देवघर आहे तसं ठेवू. धाकट्यानं सांगितलं, शेताची वाटणी भांडण न करता करू. हे ऐकून तर दोन कावळे उडूनच गेले. गुरुजी घड्याळ बघायला लागले, दर्भाचा कावळा करायची भाषा सुरू झाली. तेव्हा मावशी पुढं झाली आणि हात जोडून म्हणाली, “आई, तुझं मशीन मोडीत देणार नाही.” आणि कावळा शिवला. आता मला ठाऊक आहे की कावळ्याला भूक लागली असणार, दीड तासानं कुणालाही लागते. पण त्या दिवशी वाळवंटात हे बोलायची माझी छाती नव्हती, आणि आजही मावशीसमोर नाही. पायानं चालवायचं ते काळं मशीन तिच्या घरी खिडकीपाशी आहे. क्लास बंद झाला तरी त्याला तेल देते. सुई नाही, दोरा नाही, हे तिनं लिहिलं तेव्हा ती त्याच खिडकीपाशी बसलेली असणार, कारण वहीच्या पानावर एका कडेला मशीनच्या तेलाचाही डाग होता. चटणीच्या तेलाचा वेगळा, लालसर. तो मोठा होता आणि त्यानं दोन सूत्रं गिळली होती.

त्या डागाखालच्या एका सूत्राचं जेवढं वाचता आलं ते असं: ‘गणती ... थंडीत ... पाया...’ आणि शेवटी दोन घरांचा आकडा. गणती म्हणजे मोजणं, थंडीत पायात, म्हणजे मोजे. लिहून टाकलं. आता फक्त दोन जागा उरल्या. एक होती, ‘रविजेचा पहिला पाय घसरला, की आपले दोन्ही पाय आत (३)’. दुसरी, ‘हिमालयातून नाडी ओवा (२)’. ह्या दुसऱ्याचं पहिलं अक्षर नेसणे मधून आलं होतं, ‘ने’. नेट? नेम? नेता? नाडीचा नेता कोण? हिमालयातून नाडी ओवायची म्हणजे काय, शंकराची जटा वगैरे काही आहे का, असले विचार करत मी दुपार काढली. शेवटी फोन लावला.

“मावशी, बाणा चौदा. ने आलाय, पुढचं येत नाही.”

“नेफा की.”

“म्हणजे?”

पलीकडं जरा शांतता. मग विचारलं, “तुझ्या लेंग्याला काय असतं रे? नाडी का इलॅस्टिक?”

“इलॅस्टिक.”

“मग तुला कुठून कळायचं. कंबरेला कापड दुमडून शिवतात बघ, आतून नाडी जायला. त्याला नेफा म्हणायचं. धुताना नाडी निसटून आत गेली की सेफ्टीपिन लावून ओवायची, पुढं सारायची, कापड मागं ओढायचं. क्लासमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवायची मी.”

“ते कळलं. हिमालय कुठून आला?”

“हिमालयातच होता की नेफा. अरुणाचल म्हणतात आता. बासष्ट साली रोज पेपरात. तवांग, सेला, बोमडिला. मी पाचवीत होते.”

मग ती कोडं सोडून त्या वर्षाबद्दल बोलत राहिली आणि मी मधे बोललो नाही. ईशान्य सीमेवरच्या त्या मुलखाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून मराठी पेपर ‘नेफा’ लिहीत. १९७२च्या जानेवारीत त्याचं अरुणाचल प्रदेश झालं. २० ऑक्टोबर १९६२ला चीननं हल्ला केला तेव्हा आपले कितीतरी जवान सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत तिथल्या थंडीत उभे होते, हे पुढं सगळ्यांनी वाचलं. तेव्हा सोलापूरला हे अशा रीतीनं पोचलं की शाळेत बाईंनी खाकी लोकर वाटली. मुलींनी घरून विणून आणायचं. ज्यांना स्वेटर जमेल त्यांनी स्वेटर, बाकीच्यांनी मफलर, मोजे. मावशीनं शेजारपाजारच्या मुलींना हे नाव सांगून खूप हसवलं होतं म्हणे. जवान नेफ्यात लढतायत! घरी येऊन तेच आजीला सांगितलं, तर आजीनं एक थोबाडीत दिली. आजीनं कुणाला मारल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

“मग बसले विणायला. चार सुयांवर. एक मोजा मी घेतला, एक आईनं. टाच तेवढी मला जमायची नाही, ती आई वळवून द्यायची. रात्री कंदिलाशी बसायचो. मी टाके मोजायचे, चुकायचे, उसवायचे. आई बघायची पण नाही, नुसती म्हणायची, मोजा. परत मोजा.”

“आणि झाले?”

“झाले की. पण तोवर युद्ध थांबलेलं. यशवंतराव दिल्लीला गेलेले, सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला म्हणून पेढे वाटत होते आमच्या गल्लीत. तरी बाईंनी सगळं गोळा करून पाठवलं. माझा आईच्यापेक्षा दोन बोटं मोठा झाला होता. दोन सारखे कधी झालेच नाहीत बघ. कुणाच्या पायात गेले असतील काय माहीत.” मग लगेच, “चटणी ओलसर झाली नाही ना? डब्यात काढून ठेव.”

फोन ठेवला. नेफा लिहिलं. संध्याकाळ झाली होती, दिवा लावून पान वर उजेडाला धरलं. तेलानं कागद पारदर्शक झाला होता, त्यामुळं डागाच्या आतली शाई मागून पुढून एकत्र दिसत होती, पण नेट लावून बघितल्यावर लागली. ‘गणती करा, थंडीत एकाच पायापुरती (२)’.

मी ‘मोजे’ लिहिलं होतं. मोजा म्हणून एकटा कोण आठवतो? पायातनं काढतानासुद्धा आपण मोजे काढतो. मी पेन्सिलीच्या मागच्या रबरानं ‘जे’वरची मात्रा खोडली आणि शेजारी काना दिला. त्याबरोबर त्या ‘जा’मधून खाली जाणारा शब्द दिसला. र-वि-जा, सूर्याची मुलगी यमुना. पहिला र घसरून शेवटी गेला, विजार.

कोडं पुरं झालं. मात्रा खोडली तिथं कागद जरा विरला आहे.